वाहनमालक

जुनं भारतातलं सिम मी फक्त बँकेच्या ओटीपीसाठी जिवंत ठेवलंय.
जुन्या फोनात, टेबलाच्या खणात, सुट्या सेंटांच्या डबीशेजारी पडून असतं,
अधूनमधून थरथरतं.
त्यावर आलं: एमएच पंधरा, शेवटी तीन शून्य सात एक,
मर्यादा नव्वद, नोंदलेला वेग एकशे तीन,
स्थळ विल्होळी, सकाळचे सहा बेचाळीस,
दंड रुपये दोन हजार.
वाहनमालक: मी.

मी तर तेव्हा श्टुटगार्टात झोपलो होतो.

इथेही दंड होतो मला. मागच्या हिवाळ्यात झाला,
तीसच्या गल्लीत एक्केचाळीस.
पोस्टाने पत्र येतं, सोबत आपलाच चेहरा,
तोंड अर्धं उघडं, जांभई की शिवी ते कळत नाही,
आणि खाली सरकारी प्रश्न: गाडी तुम्हीच चालवत होता का?
नसाल, तर कोण, त्याचं नाव लिहा.
आपल्याकडे असं विचारत नाहीत.
आपल्याकडच्या फोटोत गाडीची पाठ,
नंबरपाटी, मागच्या काचेवर धुळीत बोटाने काढलेलं काहीतरी,
आणि ज्याच्या नावावर गाडी, त्याने भरायचं.

गाडी अण्णांसाठी घेतली होती. कागद माझ्या नावावर.
अण्णांनी ती कधी पन्नासच्या पुढे नेली नाही.
सातपूरला तेहतीस वर्षं मायक्रॉनमध्ये मोजत आलेला माणूस,
गंगापूर रोडवर मागून कुणी हॉर्न दिला की काच खाली करून म्हणायचा,
जा बाबा, तुझं लग्न खोळंबलंय.
ते गेले त्याला पौषात दोन वर्षं होतील.
तेव्हापासून आईचं एकच,
गाडी खाली उभी आहे, चादर घालून,
रविवारी भामरेंचा तुषार येतो, दहा मिनिटं चालू ठेवतो,
बॅटरी बसू नये म्हणून.

तुषारला फोन केला.
दादा, मी मार्चपासून पुण्यात आहे.

दुसरं चलन वाडीवऱ्हे, सत्त्याण्णव.
तिसरं परत विल्होळी, एकशे आठ, या वेळी येताना.
फोटो मोठा करत गेलो, करत गेलो,
ठिपके सुटे होईपर्यंत.
चालकाच्या सीटच्या वर अंबाड्याएवढा काळा गोळा,
त्यात काहीतरी पांढरं.
गजरा असेल. नाहीतर काचेवरचं ऊन.

बासष्टाव्या वर्षी कुठे शिकली? कुणी शिकवलं?
एवढ्या सकाळी घाटाकडे तिचं काय आहे?
विचारलं नाही. पैसे भरले.
भरतानाच्या पानावर एक चौकोन होता, तक्रार असल्यास नोंदवा.
मी लिहिलं, मला कुणी सांगितलं नाही.
मग पुसलं. ट्राम पकडायची होती.

नंतर पाच आठवडे काही नाही. खण गप्प.
आधी बरं वाटलं.
मग रोज रात्री नंबर टाकून बघायला लागलो,
प्रलंबित चलन: शून्य.
त्या शून्याकडे बघत बसायचो
जेवण निवत ठेवून.

शेवटी फोन केलाच. गाडी कशी आहे?
"आहे की. खाली. चादर घालून."
मागे टिक-टिक, टिक-टिक चाललेलं.
आई, ते काय वाजतंय?
"घड्याळ."
घड्याळ बंद झालं.
मग एक ट्रक गेला, लांबलचक, आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधून.

मी काही बोललो नाही. तीही नाही.
मग म्हणाली,
"विल्होळीच्या पुढे बाभळीखाली उभे असतात ते. पांढरी गाडी, टपावर कॅमेरा.
आता तिथे मी ऐंशीवर येते."

आणि पुढे?

"पुढे रस्ता चांगला आहे."